ऑटोमनांना बोलावलं कोणी?

18 सप्टेंबर 1385 या दिवशी, आजच्या अल्बानियातल्या लुश्न्या शहराजवळ, साव्राच्या सपाट मैदानात एक लढाई झाली. आकाराने लहानच. एका बाजूला झेता राज्याचा (आजच्या मॉन्टेनिग्रोच्या बाजूचं राज्य) धनी दुसरा बाल्शा, समोर ऑटोमन तुर्कांचा सुलतान मुराद याची फौज. बाल्शा त्यात मारला गेला, त्याच्याबरोबर म्र्न्याव्चेविच घराण्यातला इवानिशही पडला. ही फौज इतक्या पश्चिमेला, एड्रियाटिक समुद्राच्या जवळ आली कशी? परंपरेने चालत आलेलं उत्तर असं की तिला कार्ल थोपियाने बोलावलं. थोपिया हा बाल्शाचा शेजारी आणि वैरी. बाल्शाने त्याच वर्षी त्याच्याकडून दुर्रस बंदर हिसकावलं होतं. लढाईनंतर ते थोपियाला परत मिळालं, आणि 1388 मध्ये तो वारला. 1392 मध्ये त्याच्या मुलाने तेच बंदर व्हेनिसच्या हवाली केलं. 1415 मध्ये क्रुयाचा किल्ला ऑटोमनांनी घेतला, 1417 मध्ये व्लोरा. एका बंदराच्या भांडणात परक्याला मध्ये घेतलं आणि तीस-बत्तीस वर्षांत परकाच घरचा मालक झाला, असा हा हिशेब मांडला जातो.

हा हिशेब मांडून झाला की निकालपत्रही तयारच असतं: थोपिया गद्दार. हे निकालपत्र मला मान्य नाही. थोपिया सज्जन होता म्हणून नव्हे. तो त्याच्या काळातल्या कुठल्याही सरदाराइतकाच स्वार्थी होता. माझं म्हणणं एवढंच की फितुरीचा शिक्का मारला की तपास थांबतो. आणि साव्राच्या बाबतीत तपास थांबवण्यासारखं काहीच नाही, उलट तिथून पुढे तो रंगतदार होत जातो.

मुळात गद्दारी व्हायची तर ज्याच्याशी गद्दारी केली असं काहीतरी लागतं. 1385 मध्ये ते काय होतं? सर्बियाच्या स्टीफन दुशानने 1346 मध्ये स्कोप्येत स्वतःला सम्राट म्हणून राज्याभिषेक करवून घेतला होता. 1355 च्या डिसेंबरात तो गेला, आणि त्याचं साम्राज्य दहा-पंधरा वर्षांत सरदारांनी वाटून घेतलं. श्कोडर सरोवराच्या काठी बाल्शिच बंधूंनी जम बसवला. त्यांच्या दक्षिणेला, माट आणि श्कुंबिन या नद्यांमधल्या मुलखात थोपिया. पलीकडे मुझाका घराणं. उत्तरेला बोस्नियाचा तव्हर्त्को, ज्याने 1377 मध्ये स्वतःला राजा म्हणवून घेतलं. या सगळ्यांची एकमेकांत लग्नं होत, आणि लग्नाबरोबर किल्ले जात-येत. व्लोरा आणि कानिना ही ठिकाणं बाल्शाकडे आली ती तलवारीने नव्हे, बायकोच्या माहेरून.

धर्माची रेषा तरी स्पष्ट होती का? तीही नव्हती. बाल्शिच बंधू ऑर्थोडॉक्स पंथातले. 1369 मध्ये त्यांनी रोमच्या पोपची सत्ता मान्य केली, कारण पश्चिमेकडच्या मदतीचा दरवाजा तिथून उघडत होता. थोपियाचं उदाहरण तर याहून बोलकं. एल्बासानजवळ योवान व्लादिमिर या संताचा मठ आहे. हा संत म्हणजे झेताचंच जुनं रूप असलेल्या दुक्ल्या या राज्याचा स्लाव राजा. 1016 मध्ये बल्गेरियाच्या राजाने त्याला प्रेस्पा इथे मारवलं. त्याच्या मठाचा जीर्णोद्धार 1381 च्या सुमारास कार्ल थोपियाने केला आणि त्यावर शिलालेख कोरला. भाषा तीन: ग्रीक, लॅटिन आणि स्लाव. त्यात तो स्वतःला फ्रान्सच्या राजांच्या रक्ताचा म्हणवतो, कारण त्याची आई नेपल्सच्या आँजू घराण्यातल्या राजा रॉबर्टची अनौरस मुलगी होती. तर अल्बानियन सरदार, फ्रेंच रक्ताचा अभिमान, स्लाव संताची भक्ती, लेख तीन भाषांत. या माणसाने ‘राष्ट्राशी’ द्रोह केला असं म्हणायचं, तर आधी त्याचं राष्ट्र कोणतं ते ठरवावं लागेल. आजचे अल्बानियन, सर्ब आणि मॉन्टेनिग्रिन ते आपापल्या सोयीने ठरवतात. बाल्शिच घराणं नेमकं कोणाचं यावरून त्यांच्यात अजून वाद आहे, आणि तो मिटेल अशी चिन्हं मला तरी दिसत नाहीत.

आता परक्याला बोलावण्याचं पाहू. दुर्रस हे बंदर रोमन काळापासून महत्त्वाचं. कॉन्स्टँटिनोपलकडे जाणारा एग्नातिया मार्ग इथून सुरू होई. त्यामुळे ते कुणा एकाचं फार काळ राहिलंच नाही. थोपियाने 1368 मध्ये ते आँजू घराण्याकडून घेतलं. नंतर ते गेलं, आणि 1376 मध्ये नाव्हाराचा राजपुत्र लुई भाडोत्री सैनिकांची एक मोठी टोळी घेऊन आला आणि बंदर बळकावून बसला. 1383 मध्ये ते पुन्हा थोपियाकडे, 1385 मध्ये बाल्शाकडे, मग परत थोपियाकडे. वीस वर्षांत एका बंदरासाठी इतके पाहुणे येऊन गेले. लुई स्पेनच्या बाजूचा, त्याचे सैनिक अर्ध्या युरोपातले. व्हेनिसची जहाजं तर शहरोशहरी भाड्याने मिळत. मग मुरादची फौज ही 1385 मध्ये थोपियाच्या नजरेत आणखी एक भाडोत्री फौज ठरली असेल, तर त्यात नवल काय?

याची वाट आधी कॉन्स्टँटिनोपलने घालून दिली होती. तिथे 1341 पासून गादीसाठी यादवी चालू होती. योहान कांताकुझेनोस या दावेदाराने 1346 मध्ये आपली मुलगी थिओडोरा ऑटोमन सुलतान ओरहानला दिली आणि त्याच्या फौजेच्या बळावर गादी मिळवली. तुर्की तुकड्या सामुद्रधुनी ओलांडून थ्रेसमध्ये येऊ लागल्या. 1354 मध्ये भूकंपाने गॅलिपोलीचे तट कोसळले, तुर्कांनी ते शहर घेतलं आणि मग ते परत गेलेच नाहीत. ऑर्थोडॉक्स जगाचा सम्राटच मुलगी देऊन फौज आणतो, तिथे डोंगराळ मुलखातल्या एका सरदाराला ‘तू कसं बोलावलंस’ असं विचारण्याचा अधिकार नेमका कोणाला?

पण इथेच एक फरक आहे, आणि माझ्या मते साव्राचं सगळं महत्त्व या फरकात आहे. लुईची टोळी पगार आणि लुटीवर जगत होती. पगार संपला की ती पांगायची किंवा दुसरा धनी शोधायची. व्हेनिसला बंदरं हवी होती, बंदरामागचे डोंगर नको होते. हंगेरीचा राजा मान्यता मागायचा, ती मिळाली की आपल्या दुसऱ्या भानगडींकडे वळायचा. ऑटोमनांकडे मात्र आलेल्या जागी रुजण्याची एक पद्धत होती, आणि तीत घाई नव्हती. पहिल्या टप्प्यावर ते फक्त मांडलिकत्व मागत: वर्षाला खंडणी, आणि सुलतान निघाला की त्याच्या मोहिमेत आपली तुकडी. राज्य तुमचंच, धर्म तुमचाच, कायदा तुमचाच. हरलेल्या, थकलेल्या सरदाराला हा सौदा स्वस्त वाटावा असाच होता. मग मुलगा ओलीस. तो एदिर्नेत, ऑटोमनांच्या राजधानीत, वाढायचा, तिथली भाषा आणि शस्त्रं शिकायचा, आणि परत यायचा तो कधी सुलतानाचा अधिकारी म्हणून. बाप मेला की वारसांमध्ये वाद होत, आणि त्या वादात निवाडा कोण करणार हे आधीच ठरलेलं असे. शेवटी यायची ती वही.

ही वही म्हणजे दफ्तर. 1431-32 मध्ये अल्बानियाच्या मोठ्या भागाची मोजणी करून ऑटोमनांनी जे दफ्तर तयार केलं, ते त्यांच्या उपलब्ध जमीन-दफ्तरांपैकी सर्वांत जुन्यांत मोडतं. गाव कोणतं, घरं किती, वसूल किती, आणि तो वसूल कोणत्या घोडेस्वाराच्या तैनातीसाठी लावला आहे, हे सगळं त्यात आहे. या तैनाती जहागिरीला तिमार म्हणत. काही तिमार स्थानिक ख्रिस्ती सरदारांनाही मिळाले. व्यवस्थेत सामावून घेणं हे तिचं बळ होतं. पण ज्यांच्या जमिनी वहीत गेल्या ते पेटून उठले, आणि त्याच सुमाराला ग्येर्ग्य आरियानिती या अल्बानियन सरदाराचं बंड झालं. साव्रा ते हे दफ्तर, मध्ये सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षं. म्हणजे थोपियाने ज्यांना बोलावलं असं म्हणतात ते आणि ज्यांनी शेवटी मुलूख गिळला ते, यांच्यात दोन पिढ्यांचं अंतर आहे. त्या दोन पिढ्यांत डझनभर सरदारांनी खंडणी भरली, मुलं ओलीस पाठवली, भावाविरुद्ध सुलतानाकडे अर्ज केले. यातला एकच माणूस उचलून त्याच्यावर सगळा भार टाकणं हा इतिहास नव्हे, वसुली आहे.

यावर नेहमी येणारा प्रश्न: ते एक झाले असते तर? हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो, म्हणून थोडं थांबून तपासू. ते एक झाले होते, एकदा नव्हे, अनेकदा. 1371 मध्ये वुकाशिन आणि उग्लेशा हे म्र्न्याव्चेविच भाऊ एकत्र फौज घेऊन मारित्सा नदीपर्यंत गेले. दोघेही मारले गेले आणि फौज बुडाली. 1389 मध्ये कोसोवोच्या मैदानावर सर्बियाचा सरदार लाझार, त्याचा जावई वुक ब्रांकोविच आणि बोस्नियाहून तव्हर्त्कोने धाडलेली तुकडी एका बाजूने लढले. मुराद आणि लाझार दोघेही मेले. पण ऑटोमनांकडे पुढची फौज होती, लाझारच्या वारसांकडे नव्हती. 1396 मध्ये निकोपोलिसला फ्रान्स, बर्गंडी, हंगेरी, वालाचिया असे सगळे जमले आणि हरले. 1444 मध्ये वार्नाला पोलंड-हंगेरीचा राजा पडला. एकी म्हणजे विजय, असं या यादीतून तरी निघत नाही. माणसं, पैसा, आणि वर्षानुवर्षं फौज उभी ठेवण्याची ताकद यांचं पारडं एका बाजूला झुकत चाललं होतं, आणि ते एका सभेत घेतलेल्या शपथेने सरळ होणारं नव्हतं.

शिवाय ‘एकी’ म्हणजे प्रत्यक्षात काय असे, हेही पाहायला हवं. 1373 मध्ये लाझार आणि तव्हर्त्को यांनी एकी केली. कोणाविरुद्ध? निकोला अल्तोमानोविच या शेजारी सरदाराविरुद्ध. त्याला हरवून आंधळं केलं आणि त्याचा मुलूख वाटून घेतला. या धामधुमीत झेताच्या बाल्शिचांनीही ट्रेबिन्ये आणि आसपासचा भाग उचलला. तो चार वर्षांनी तव्हर्त्कोने त्यांच्याकडून काढून घेतला. तव्हर्त्कोने 1382 मध्ये समुद्रकाठी नोवी नावाचं गाव वसवलं आणि तिथे मिठाचा बाजार भरवायचं ठरवलं, तर रागुसा (आजचं दुब्रोव्हनिक) हे व्यापारी शहर बिथरलं, कारण त्या किनाऱ्यावरच्या मिठाच्या व्यापारावर आपला हक्क आहे असं ते मानत होतं. एकीकडे ऑटोमन पुढे येताहेत आणि इकडे मीठ कुठे विकायचं यावर तंटा, असं म्हणून हसायला सोपं जातं. पण जकात हेच या राज्यांचं उत्पन्न होतं. बंदर आणि मिठाचा बाजार गेला की फौजेचा पगार जायचा. ज्याला पुढच्या हंगामाचा पगार द्यायचा आहे, त्याला पुढच्या शतकाची चिंता करायला सांगणं हे नंतर जन्मलेल्यांचं सुख आहे.

मग फितुरीची गोष्ट इतकी टिकते कशी? कारण ती पराभूतांच्या उपयोगी पडते. आपण कमी पडलो, याऐवजी आपल्याला विकलं, असं म्हणता येतं. हा उपयोग कसा होतो हे तीन माणसांकडे पाहिलं की उमगतं.

पहिला वुक ब्रांकोविच. कोसोवोच्या लढाईतून तो जिवंत वाचला. नंतर लाझारच्या घराण्याने ऑटोमनांचं मांडलिकत्व पत्करलं, तरी वुक अडून राहिला. त्याने मान तुकवली ती 1392 मध्ये. नंतर त्याचा मुलूख काढून घेतला गेला आणि 1397 मध्ये तो सुलतानाच्या कैदेत वारला. दुसरा स्टीफन लाझारेविच, त्याच लाझारचा मुलगा. त्याने मांडलिकत्व लवकर स्वीकारलं. 1396 मध्ये निकोपोलिसला तो बायझीद सुलतानाच्या बाजूने, ख्रिस्ती युरोपाच्या विरुद्ध लढला, आणि त्याच्या अवजड घोडदळाने लढाईचं पारडं फिरवलं. 1402 मध्ये अंकाराला तैमूरविरुद्धही तो बायझीदच्या मदतीला होता. तिसरा मार्को, मारित्साला पडलेल्या वुकाशिनचा मुलगा आणि साव्राला पडलेल्या इवानिशचा बहुधा नातलग. तोही मांडलिक. 1395 मध्ये वालाचियाच्या रोविनेला सुलतानाच्या बाजूने लढताना तो मेला. आख्यायिका म्हणते की लढाईआधी तो म्हणाला, देव ख्रिस्तींना विजय देवो, मग मी पहिला मेलो तरी चालेल.

आता लोकस्मृतीचा निकाल ऐका. सुलतानाकडून लढून मेलेला मार्को दक्षिण स्लावांच्या वीरगीतांचा सर्वांत लाडका नायक. सुलतानाला निकोपोलिस जिंकून देणारा स्टीफन हा सर्बियन चर्चने संत म्हणून जाहीर केलेला, शहाणा आणि विद्याप्रेमी राजा. आणि त्या दोघांहून जास्त काळ अडून राहिलेला वुक ब्रांकोविच हा गद्दार. त्याच्यावरचा ठपका 1601 मध्ये रागुसाच्या मावरो ओर्बिनी या भिक्षूने इटलीत छापलेल्या इतिहासात ठळकपणे येतो, म्हणजे लढाईनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. मग गाण्यांनी तो पक्का केला. मराठीत सूर्याजी पिसाळाच्या नावाचं जे झालं तेच तिकडे ब्रांकोविचच्या नावाचं झालं. आता ते माणसाचं नाव कमी आणि आरोप जास्त आहे.

आणि आरोप म्हटला की तो मेलेल्यांवर थांबत नाही. 28 जून 1989 रोजी कोसोवोच्या लढाईच्या सहाशेव्या वर्षी सर्बियाचा नेता स्लोबोदान मिलोशेविच त्या रणभूमीवरच्या गाझिमेस्तानला लाखोंच्या गर्दीसमोर बोलला. दुही आणि फितुरी सर्बांच्या पाठीशी शापासारखी लागली आहे, हा त्याच्या भाषणातला एक मुख्य धागा होता. समोरच्या गर्दीला 1389 चा फितूर कोण हे ऐकायचं नव्हतं; तिला 1989 चा हवा होता. युगोस्लाव्हिया दोन वर्षांत फुटायला लागला. त्या भाषणानेच युद्ध झालं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं म्हणजे पुन्हा एकाच माणसावर भार टाकणं होईल. पण मध्ययुगातल्या फितुरांची यादी ही बहुतेक वेळा आजच्या विरोधकांची यादी असते, हे तिथे उघड्यावर दिसलं.

कोणी म्हणेल, तुमच्या हिशेबाने मग कोणीच जबाबदार नाही. तसं नाही. जबाबदारी मोजायची ती त्या माणसाचं ज्यांच्याशी देणं होतं त्यांच्या संदर्भात. थोपियाचं देणं होतं दुर्रसच्या व्यापाऱ्यांशी, श्कुंबिनच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांशी, त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या लहान सरदारांशी. त्याच्या सौद्याने त्यांचं काय झालं? बंदर त्याला मिळालं, पण सांभाळायला पैसा नव्हता आणि मुलाला ते व्हेनिसला द्यावं लागलं. हा दोष खराच आहे, आणि तो थोपियाच्या खात्यावर घाला. पण मग त्याच मापाने बाल्शालाही मोजा. उत्तरेला तव्हर्त्कोशी वैर चालू असताना दक्षिणेला दुर्रसवर झडप घालायची, आणि पूर्वेकडून ऑटोमन येताहेत हे ठाऊक असूनही, हा हिशेब कुठल्या शहाण्याचा? साव्राचा मृत म्हणून त्याला वीराचा मान मिळतो. शेजाऱ्याचं बंदर लुबाडून युद्ध ओढवून घेणारा वीर, आणि लुबाडलेलं परत मिळवण्यासाठी मदत मागणारा गद्दार, ही वाटणी कोणत्या न्यायाने झाली ते मला कळलेलं नाही.

यात आणखी एक अडचण अशी की थोपियाच्या आमंत्रणाची हकीकत आपल्यापर्यंत येते ती बऱ्याच नंतर लिहिलेल्या ग्रंथांतून. तीत ओर्बिनी पुन्हा आहेच. ऑटोमन तुकड्या त्या वर्षांत तशाही पश्चिमेकडे सरकत होत्या. बोलावलं नसतं तर त्या आल्या नसत्या, असं मानायला फारसा आधार नाही.

स्कंदरबेगचं नाव इथे घ्यावंच लागेल, कारण एकीच्या बाजूने बोलणारे त्याचा दाखला देतात. स्कंदरबेग म्हणजे ग्येर्ग्य कास्त्रिओती, बापाने ओलीस दिलेला मुलगा, 1443 मध्ये सुलतानाची नोकरी सोडून क्रुयाला परतला. 2 मार्च 1444 रोजी लेझा इथे त्याने अल्बानियन सरदारांची सभा भरवली आणि मरेपर्यंत, म्हणजे 1468 पर्यंत, तो टिकून राहिला. कर्तबगारी मोठी, वाद नाही. पण ही एकी आतून कशी होती? आरियानिती आणि दुकाग्यिनी ही सरदार घराणी कधी आत, कधी बाहेर. 1447-48 मध्ये दान्या नावाच्या एका किल्ल्यावरून स्कंदरबेग आणि व्हेनिस यांच्यातच युद्ध झालं. ख्रिस्ती व्हेनिसने तेव्हा त्याच्या खुनासाठी बक्षीस लावलं. त्याचा सख्खा पुतण्या हम्झा पुढे सुलतानाला जाऊन मिळाला. टिकाव लागला तो डोंगरांमुळे, नेपल्सच्या पैशांमुळे आणि एका माणसाच्या युद्धकौशल्यामुळे. तो गेल्यावर दहा वर्षांत, 1478 मध्ये क्रुया पडलं, पुढच्याच वर्षी श्कोडर.

राहिला बाल्शाचा पुतण्या, दुसरा जुराज. साव्रानंतर झेताचं जे उरलं ते त्याच्याकडे आलं. तो आधी ऑटोमनांचा मांडलिक झाला. मग त्यांच्याच हाती सापडला आणि सुटकेसाठी श्कोडर त्यांना देऊन बसला. 1395 मध्ये ते त्याने लढून परत मिळवलं, आणि दुसऱ्याच वर्षी किल्ला, सरोवर आणि आसपासची जकात व्हेनिसच्या स्वाधीन केली, दरसाल 1000 डुकॅट तनख्याच्या बदल्यात. घराण्याची राजधानी ठरलेल्या रकमेला, लेखी कराराने गेली, आणि या व्यवहाराबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तरी जुराजच्या नावाची शिवी झालेली नाही. त्याच्यावर कोणी गाणं रचलं नाही, आणि त्याला दोष देऊन आज कोणाचंच काही साधत नाही.